पिवळी चोच की नारिंगी? किनाऱ्यावरचे तुरेवाले सुरय

रंकाळ्यावर, कळंब्याला किंवा पंचगंगेच्या काठी पक्षी बघत फिरणाऱ्या कोल्हापूरकराला सुरय नवा नाही. पिवळीधमक चोच, लाल पाय, डोक्यावर काळी टोपी आणि शेपटीच्या दोन्ही कडांना लांब पिसं असलेला नदी सुरय पाण्यावरून संथ फेऱ्या मारताना आपण कितीदा बघतो. मग एखाद्या हिवाळ्यात घाट उतरून मालवणला जाणं होतं. देवबागेत खाडीच्या मुखाशी वाळूवर शंभर-दीडशे सुरय एकाच दिशेला तोंड करून बसलेले दिसतात. पुष्कळांच्या चोची पिवळ्या असतात आणि वहीत पटकन ‘नदी सुरय’ अशी नोंद होते. बहुतेक वेळा ती चुकलेली असते. समुद्रकिनाऱ्यावरचे हे पिवळ्या-नारिंगी चोचीचे सुरय म्हणजे तुरेवाले सुरय, आणि ते दोन जातींचे आहेत.

मराठी नावं पुस्तकागणिक बदलतात, म्हणून आधीच ठरवून घेऊ. इंग्रजीत ज्याला ग्रेटर क्रेस्टेड टर्न म्हणतात तो इथे ‘मोठा तुरेवाला’ आणि लेसर क्रेस्टेड टर्न म्हणजे ‘छोटा तुरेवाला’. शास्त्रीय नावं अनुक्रमे थॅलॅसियस बर्गीआय आणि थॅलॅसियस बेंगालेन्सिस. थॅलॅसियस हे नाव समुद्र या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आणि ते या पक्ष्यांना शोभतं, कारण दोघंही खाऱ्या पाण्याला धरून राहतात. आपला नदी सुरय गोड्या पाण्याचा. नदीच्या मुखाशी तो कधी दिसला तरी भर समुद्रावर मासे धरणारा तो नव्हे.

ओळखीची सुरुवात पायांपासून करा. सगळे चोचीपासून करतात आणि तिथेच फसतात. नदी सुरयाचे पाय लाल असतात, दोन्ही तुरेवाल्यांचे काळे. पक्षी वाळूवर उभा असेल तर हे दोन सेकंदांत कळतं. मात्र ओल्या चिखलात उभा असेल तर कुठल्याही सुरयाचे पाय काळपट दिसतात आणि कोवळ्या तुरेवाल्यांच्या पायांवर कधी पिवळसर झाक असते. म्हणून पाय बघायचे ते कोरड्या वाळूवर उभ्या असलेल्या, पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे.

पाय काळे निघाले की मग आकार. मोठा तुरेवाला चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत ४६ ते ४९ सेंटिमीटर, पंख पसरले की सव्वा मीटरच्या पुढे आणि वजन साधारण ३२५ ते ४०० ग्रॅम. छोटा तुरेवाला ३३ ते ४० सेंटिमीटर आणि वजन १८५ ते २४० ग्रॅमच्या आसपास. वजनात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. पण समुद्राच्या मोकळ्या पार्श्वभूमीवर एकटा पक्षी बघून तो ४० सेंटिमीटरचा की ४८ हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. तिथे मोजपट्टी लागते आणि ती थव्यातच बसलेली असते. गावकावळा ४० सेंटिमीटरचा. छोटा तुरेवाला त्याच्याएवढा किंवा किंचित लहान, मोठा त्याच्याहून सरळसरळ लांब. तपकिरी डोक्याचा कुरव (इंग्रजीत गल) ४१ ते ४५ सेंटिमीटरचा. त्याच्या शेजारी छोटा तुरेवाला बारीक वाटतो, मोठा मात्र त्याच्या बरोबरीने किंवा वर डोकं काढून बसतो. कोल्हापूरकरांसाठी आणखी एक माप आहे. नदी सुरय ३८ ते ४३ सेंटिमीटरचा. रंकाळ्यावर तो नजरेत पक्का बसवून घ्या. समुद्रावर जो त्याच्यासारखा हलका, चपळ वाटेल तो बहुधा छोटा तुरेवाला, आणि जो बघताक्षणी ‘हा अंगाने जड आहे’ असं वाटायला लावेल तो मोठा.

पक्षी एकटा ओळखू नका, शेजाऱ्यासकट ओळखा. सुरयांच्या बाबतीत याहून उपयोगी नियम आम्हाला माहीत नाही.

आता चोच. मोठ्या तुरेवाल्याची चोच पिवळी. लिंबाच्या सालीचा पिवळा, कधी त्यात हिरवट छटा. ती साडेपाच-सहा सेंटिमीटर लांब असते आणि नीट बघितलं तर सरळ नसते: वरची कड टोकाकडे किंचित खाली झुकलेली, त्यामुळे पक्ष्याचा चेहरा थोडा रागीट, लांबोडका दिसतो. छोट्याची चोच नारिंगी. पिकलेल्या संत्र्याच्या सालीचा रंग, आणि ती सडपातळ, जास्त सरळ. दोघं शेजारी बसले असतील तर प्रश्नच उरत नाही. गोंधळ होतो तो संध्याकाळी. मावळतीचं ऊन पडलं की पिवळी चोच नारिंगी होते आणि नारिंगी चोच लालसर. सकाळी सात वाजता ज्याला मोठा म्हटलं, तोच पक्षी संध्याकाळी सहाला छोटा वाटतो. विणीच्या काळाबाहेर दोघांच्याही चोची जरा फिकट पडतात, तेव्हा तर मोठ्याची आणि छोट्याची छटा आणखी जवळ येते. म्हणून सूर्य क्षितिजाला टेकायला आला असेल तर चोचीच्या रंगावर शिक्का मारू नये.

मग पाठ बघायची. आपल्या समुद्रावर दिसणाऱ्या मोठ्या तुरेवाल्याची पाठ आणि पंखांची वरची बाजू गडद राखाडी असते, ओल्या पाटीवरचा खडू हाताने पुसल्यावर राहतो तशी. ऑस्ट्रेलियाकडच्या किंवा आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या याच जातीच्या पक्ष्यांची पाठ याहून फिकी असते, त्यामुळे परदेशी छायाचित्रांशी ताडून बघणारे इथे अडकतात. छोट्याची पाठ फिकट राखाडी, जवळजवळ नदी सुरयासारखी. मिश्र थव्यावरून दुर्बीण सावकाश फिरवली तर मोठे तुरेवाले आधी पाठीवरून वेगळे पडतात आणि चोचीचा रंग नंतर खात्री देतो. फोटोत मात्र पाठीचा रंग एकट्या पक्ष्यावरून ठरवायचा नाही. उजळ वाळू चौकटीत जास्त आली की कॅमेरा सगळंच काळपट करतो आणि मागे गडद समुद्र असला की पक्षी पांढराफेक उडून जातो. पहिल्या वेळी एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, थोडं वाढवावं लागतं, दुसऱ्या वेळी पाऊण ते एक स्टॉप कमी करावं लागतं. तरी एकाच फोटोत दोन पक्षी असतील तरच पाठीची तुलना खरी.

कपाळाबद्दल एक सापळा आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. पुस्तकात लिहिलेलं असतं की मोठ्या तुरेवाल्याच्या चोचीच्या मुळाशी, काळ्या टोपीच्या आधी, पांढरी पट्टी असते आणि छोट्याची काळी टोपी थेट चोचीला भिडते. हे बरोबर आहे, पण फक्त विणीच्या पिसाऱ्यात. वीण संपली की दोघांचंही कपाळ पांढरं होत जातं आणि काळा रंग डोळ्यापासून मानेपर्यंत मागे सरकतो. आपण कोल्हापुराहून किनाऱ्यावर जातो ते बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा थव्यातल्या जवळपास सगळ्यांचीच कपाळं पांढरी असतात. ‘कपाळ पांढरं म्हणजे मोठा’ असं धरून चालणाऱ्याच्या वहीत हिवाळाभर छोटा तुरेवाला येतच नाही. मार्चच्या शेवटी आणि एप्रिलमध्ये टोप्या भरून काळ्या झाल्या की हा नियम कामाला येतो, आणि तेव्हा फार सुंदर दिसतो: वाऱ्याकडे तोंड करून बसलेल्या मोठ्याच्या मानेमागची काळी पिसं विस्कटून उभी राहतात, पुढे शुभ्र कपाळ आणि त्यापुढे ती पिवळी चोच.

त्याच थव्यात आणखी तिघे मिसळलेले असू शकतात. सँडविच सुरय आकाराने छोट्या तुरेवाल्याएवढा, त्यालाही मागे विस्कटलेला तुरा. पण चोच काळी आणि टोक पिवळं. लांबून ते पिवळं टोक वाळूत विरून जातं आणि चोच नुसती आखूड काळी दिसते. कॅस्पियन सुरय हा सर्वांत दांडगा, चोच गाजरासारखी जाड आणि लाल. तो उडाला की पंखांच्या टोकांची खालची बाजू काळी दिसते. गल-बिल्ड टर्न पांढुरका, आखूड जाड काळ्या चोचीचा. तो सूर मारत नाही, चिखलावरून उडता उडता खेकडे आणि किडे टिपतो.

आता कधी आणि कुठे उभं राहायचं ते. यावर निम्मी ओळख अवलंबून आहे.

सुरय दिवसभर वाळूवर बसत नाहीत. ओहोटीला थवे लांबच लांब किनाऱ्यावर विखुरतात किंवा समुद्रावर असतात. भरती चढू लागली की बसायची जागा आटत जाते आणि सगळे खाडीच्या मुखाशी उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीने येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जागेवर पोचायचं. भरतीची वेळ काढायला मोबाईल आहेच, पण भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. जुना हिशेब असा: तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा भरती येत असल्याने सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे तो लागतो. ठोकताळाच आहे हा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मुंबईपेक्षा मालवणकडे भरती थोडी आधी येते. लहानपणी पाऊणकी पाठ केलेल्यांना कागदसुद्धा लागत नाही.

आता यात उजेड मिसळा. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य जमिनीकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतो आणि पक्ष्याच्या अंगावर सरळ पडतो. चोच, पाय, पाठ सगळे रंग खरे दिसतात. दुपारी तीननंतर सूर्य समुद्रावर जातो, पक्षी उजेडाच्या विरुद्ध येतात आणि उरते ती नुसती काळी आकृती. म्हणजे आपल्याला हवी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यानची भरती. तिथीवर बसवलं तर एकादशी ते त्रयोदशी. त्रयोदशीला तर उधाण जवळ आलेलं असतं, पाणी जास्त चढतं आणि थवा आणखी आक्रसून बसतो. अष्टमीला जाऊ नका: पाणी धड चढत नाही आणि पक्षी पांगलेले राहतात.

कोल्हापुराहून मालवण गगनबावड्यावरून गेलं काय किंवा राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाटाने गेलं काय, दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि घाटाच्या वळणांनी वेळ खातं. सकाळची भरती गाठायची तर आदल्या रात्रीच खाली मुक्कामाला असावं. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी किंवा तोंडवळीकडे जमिनीची लांब चिंचोळी पट्टी समुद्रात गेलेली आहे, तशा जागा शोधायच्या. ८×४२ ची दुर्बीण ओळखीपुरती बास होते. पायांचा रंग आणि सँडविचचं पिवळं टोक लांबून बघायचं असेल तर स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) हवा, पण दहा वाजल्यानंतर वाळू तापून हवा थरथरू लागते आणि २०च्या वर झूम करून उपयोग नसतो.

जवळ जाताना थव्याच्या दिशेने सरळ चालू नका. तिरकं, थांबत थांबत, आणि साठ-सत्तर मीटरवर खाली बसा. थवा निवांत असेल तर काही पक्षी चोच पाठीत खुपसून झोपलेले, काही पिसं साफ करताना दिसतात. सगळ्यांच्या माना एकदम ताठ झाल्या की तुम्ही जास्त पुढे आलात. त्या पुन्हा खाली होईपर्यंत हलायचं नाही. होत नसतील तर मागे सरायचं. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून त्यात पळत जाणारे दर सुट्टीत दिसतात, आणि वाळूवर गाडी घालणारेही. ते बघवत नाही. भरतीच्या वेळी त्या पक्ष्यांना बसायला दुसरी जागा उरलेली नसते. उठवले की ते समुद्रावर घिरट्या घालत राहतात आणि तासाभराची विश्रांती वाया जाते. कुरवांसारखं पाण्यावर बसून तरंगत राहणं सुरयांना मानवत नाही, वाळू किंवा खांब हेच त्यांचं घर.

वाऱ्याकडे तोंड करून बसण्याचं कारण साधं आहे. पाठीकडून वारा आला तर पिसं उलटी फिरतात आणि उडायला धाव घ्यावी लागते. समोरून आला तर पंख उघडले की झालं. याचा बघणाऱ्याला फायदा असा की सगळे पक्षी एकाच बाजूने दिसतात आणि तुलना सोपी होते. वारा बदलला की सगळा थवा हळूहळू फिरतो.

मासेमारी बघायची तर नजर चोचीच्या कोनावर ठेवा. नुसता एका जागेवरून दुसरीकडे निघालेला सुरय चोच पुढे धरून उडतो; शिकारीवर असलेला चोच खाली, पाण्याकडे रोखतो. मोठा तुरेवाला सात-आठ मीटर उंचीवरून डोकं खाली करून कोसळतो आणि फार तर मीटरभर खोल जातो, म्हणजे त्याचं सगळं जेवण पाण्याच्या वरच्या थरात. मासा सहसा वीतभराच्या आतला, दहा-पंधरा सेंटिमीटरचा. पेडवे, तारली यांच्यासारखे थव्याने वर येणारे. वर आल्यावर उडता उडताच मासा फिरवून डोक्याकडून गिळतो, नाहीतर खवले आणि कल्ल्यांचे काटे घशात अडकतात. सूर मारलेल्यांपैकी बरेच रिकाम्या चोचीने वर येतात. एखाद्या पक्ष्याच्या दहा बुड्या मोजून किती लागल्या ते लिहून ठेवा, नोंद म्हणून ती फार कामाची आहे.

पाण्याच्या चकाकीतून खालचा मासा दिसतो कसा? सुरयांच्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशींत तांबड्या तेलाचे सूक्ष्म थेंब असतात; ते धुरकट हवेतली फिकी निळाई गाळतात आणि लांबचं स्पष्ट होतं. खाऱ्या पाण्याचीही सोय आहे. डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात, त्या जादा मीठ नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. स्कोपमधून चोचीच्या टोकाशी थेंब लोंबताना आणि पक्षी मान झटकताना दिसला तर ते हेच.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढली जात असेल तर तिथून हलू नका. जाळं किनाऱ्याकडे येतं तसे आतले मासे वर उसळतात आणि कुरव, घारी, सुरय सगळे जमतात. सुरय जाळ्याच्या बाहेरच्या कडेला, निसटलेल्या माशांवर. मोठे मासे खालून लहान माशांना वर रेटतात तेव्हाही असंच होतं; होडीवाले लांबून सुरयांच्या घिरट्या बघून मासळीचा अंदाज घेतात.

वीण मात्र किनाऱ्यावरच्या गर्दीत होत नाही. त्यासाठी माणूस, कुत्री आणि उंदीर नसलेली बेटं लागतात. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातले खडक सुरयांच्या विणीसाठी जुन्या काळापासून पक्षिअभ्यासकांना माहीत आहेत, आणि लक्षद्वीपमधलं पिट्टी हे निर्मनुष्य बेट तर त्यासाठीच ओळखलं जातं. मोठा तुरेवाला वाळूत नुसता खळगा करतो, काडी ना कचरा, आणि बहुधा एकच अंडं घालतो. खळगे एकमेकांना इतके खेटून असतात की बसल्या जागेवरून शेजाऱ्याला चोच मारता येते. प्रत्येक अंड्यावरची नक्षी वेगळी. त्या दाटीत आईबाप आपलं अंडं तिच्यावरून ओळखतात. २५ ते ३० दिवसांनी पिल्लू बाहेर येतं, दोन-तीन दिवसांत खळगा सोडून इतर पिल्लांच्या घोळक्यात जातं आणि चाळीसेक दिवसांत उडू लागतं. नदी सुरयाची तऱ्हा निराळी: तो उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या बेटांवर किंवा धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या टेकाडांवर दोन-तीन अंडी घालतो. कर्नाटकात भद्रा धरणाच्या बेटांवर त्यांची मोठी वसाहत आहे. धरणातून अचानक पाणी सुटलं की खालच्या वाळूवरची अंडी एका रात्रीत वाहून जातात. जागतिक लाल यादीत नदी सुरय आज असुरक्षित गटात आहे, म्हणून आपल्या भागातल्या त्याच्या नोंदीही तितक्याच काळजीने कराव्यात.

उडायला लागल्यावरही तुरेवाल्यांची पिल्लं चार महिन्यांपर्यंत आईबापांच्या मागे असतात. त्यामुळे पावसाळा सरल्यावर थव्यात काही पक्षी अगदी वेगळे दिसतात: पंखांवर तपकिरी-राखाडी ठिपके आणि गडद पट्टे, चोच मळकट, पाठ चट्टेरीपट्टेरी. नवखा माणूस त्यांना निराळीच जात समजतो. अशा वेळी पिसारा सोडून द्या आणि पक्षी काय करतो ते बघा. तो मान आखडून, अंग आडवं करून, एकसारखा किरकिरत एखाद्या प्रौढ पक्ष्यामागे चालत असेल तर त्या प्रौढाची चोच, पाठ, पाय तपासा. तो निवांत उभा असतो, रंग स्पष्ट दिसतात. प्रौढाने मासा आणून पिल्लाच्या चोचीत दिला की पिल्लाची जातही कळली. नाही दिला तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दोन्ही जातींचा एकत्र पर्याय असतो, तो निवडायचा आणि फोटो जोडायचा. जोडीला वेळ, तिथी आणि सूर्य कुठल्या बाजूला होता एवढं लिहिलं, तर पुढे दुसऱ्या कुणाला तोच फोटो बघून निर्णय करता येतो.